राहिलेली एक गोळी

पलूसशेजारची वाडी
ऋषिपंचमी, सन १९४७

चिरंजीव सौभाग्यवती अंजना हिला आईचे पोटभर आशीर्वाद.

पत्र मीच लिहिते आहे, कुणाकडून लिहवून घेतलेलं नाही. माझी शाळा दुसरीपर्यंत, त्यातही निम्मे दिवस धाकट्या भावाला कडेवर घेऊन वर्गाच्या दारात बसायची, तेव्हा काना-मात्रा चुकला तर समजून घे. आज बैलाच्या कष्टाचं खायचं नाही म्हणून परड्यातली भाजी आणि वरी उकडली. हरणानं नाक मुरडलं पण खाल्लं. तुझी लेक खुशाल आहे. जूनमध्ये आली तेव्हा खांद्याची हाडं मोजता येत होती, आता गाल वर आलेत. सहावीच्या वर्गात एकटी पोरगी. मास्तर म्हणतात, गणितात पोरांना पाणी पाजते. मला तर नातीचं कौतुक किती करू आणि किती नको असं झालंय. शेजारच्या त्रिशलाअक्का म्हणाल्या, "मनुबाई, आवं नात काय तुमालाच झालीया?" मी म्हटलं, "अक्का, तेरा वर्षांची झाल्यावर पहिल्यांदा घरात आली. माझं आत्ता कुठं बारसं चाललंय."

तू पहिल्या बाळंतपणालासुद्धा माहेरी आली नाहीस, ते काढत नाही मी आता. निघालं म्हणून लिहिलं.

तुझी अट माझ्या ध्यानात आहे. बंदुकीला हरणाचा हात लागू द्यायचा नाही. मुळात घरात बंदूक होतीच कुठं? तुझं लग्न झालं त्याच साली तुझ्या आबांनी ती विकून टाकली. तेव्हापासून नव्हती. म्हणजे परवापर्यंत नव्हती.

आता ऐक आणि धसका घेऊ नकोस, मी घेतला तो दोघींना पुरेल. दसऱ्याची नेमबाजी यंदा परत सुरू होणार. बेचाळीस साली बंद पडली होती, यंदा स्वराज्य आलं म्हणून पंचांनी दवंडी दिली. नियम जुनाच. एक बंदूक घ्यायची आणि तिनंच तिन्ही ठिकाणी मारायचं, पन्नास कदम, दीडशे कदम, तीनशे कदम. ठिकाणाला तीन गोळ्या. ज्याचा नेम जास्त बसेल त्यानं आपट्याचं पहिलं पान तोडायचं, मग गावानं. बंद पडायच्या आधीची पाच वर्षं तो मान केरबा नाईकानं सोडला नाही. आबांच्याच पलटणीतला, पण आबा हवालदार आणि हा नाईक, ते त्याच्या पोटात अजून दुखतं. दवंडी झाल्या झाल्या आमच्या कट्ट्याशी येऊन म्हणतो कसा, "हवालदार, यंदा येताय न्हवं बगायला?"

बगायला म्हणाला. ते आबांच्या जिव्हारी लागलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "पाचगणीला जायाचं हाय."

तिथला एक म्हातारा साहेब विलायतेला कायमचा निघालाय, घरातलं सगळं विकतोय, त्यात दोन रायफली. आम्ही तिघं सर्विस मोटारीनं गेलो. हरणाला का नेलं म्हणशील तर शाळेला सुट्टी होती आणि एकटी पोर घरात कुठं ठेवायची. अगं बाई, त्या साहेबाचा पसारा! माणूस आडवा होईल एवढी पांढरी परात, तिला पाय. त्यात म्हणे साहेब आंघोळ करायचा. मी तोंडाला पदर लावला तो बराच वेळ काढलाच नाही.

तर रायफली दोन. धाकटी बावीसची, म्हणजे बारक्या गोळीची, ताकाच्या रवीसारखी हलकी. थोरली तीनशे पंधराची, मोठ्या गोळीची, उचलली तर मुसळ. मला धाकटी आवडली. बंदूक घ्यायची म्हणजे म्हैस घेतल्यासारखंच, आपल्या गोठ्यात मावेल तेवढीच घ्यावी. मी तसं म्हणाले तर हरणा कानाशी लागली.

"आज्जे, धाकटी पन्नासला गोड हाय. दीडशेला बी जाईल. तीनशेला तिची गोळी वाटंतच दमती. वारं सुटलं तर कुटल्या कुटं जाती."

"तुला गं काय ठावं?"

"आई सांगती की. भाकरी करताना."

अंजना, भाकरी करताना तू तिला हे सांगतेस?

मग दुर्बिणी. बंदुकीच्या पाठीवर बसवायच्या नळ्या असतात, बारीक. एक अडीच पटीची, एक सहा पटीची. म्हणजे लांबचं तितक्या पटीनं मोठं दिसतं. आबांनी सहाची उचलली आणि डोळ्याला लावली ती खाली ठेवेचनात. हरणानं दोन्हीतून पाहिलं. म्हणाली, "आजोबा, अडीचची घ्या. सहाच्यात लांबचं जवळ येतंय खरं, पर आपलं काळीज उडतंय त्येबी दिसतंय. समदं थरथरतंय. आन जवळचा कागद धुक्यात गेल्यागत."

"तुझ्या आज्ज्यापरास तुला लय कळतंय व्हय?" आबा म्हणाले. मग दुर्बीण लावूनच दरीपलीकडं बोट केलं. "ती बघ. म्हस चरतीया."

हरणानं माझ्याकडं पाहिलं. मी दुर्बिणीशिवाय पाहत होते. गवताची गंजी होती ती.

  थोरली रायफल आणि सहाची दुर्बीण आली घरी. एक पेटी गोळ्यांची साहेबानं दिली, म्हणाला आणखी मिळायच्या नाहीत, जपून वापरा.

निघताना हरणानं डोंगराकडं हात केला, "त्याच्या मागं आमचं मेढं." मी बराच वेळ तिकडं पाहत उभी राहिले. मोटारवाला ओरडला.

दुर्बिणीला हात लावला तिनं, तो धरू नकोस. दुर्बीण म्हणजे बंदूक नव्हे.

तुझी आई


वाडी
भाद्रपद वद्य द्वितीया

चि. सौ. अंजना,

तुझं कार्ड मिळालं. तिकडून इकडं चार दिवस प्रवास करून कागद आला आणि त्यावर ओळ एकच. "हरणा बंदुकीजवळ जाते का, खरं लिही." ना खुशाली, ना जावईबापूंच्या शाळेचं, ना पावसाचं. मी उलटून पाहिलं, मागं काही आहे का. नव्हतं.

बंदुकीजवळ म्हणजे किती जवळ? घर केवढं आपलं. बंदूक माजघराच्या खुंटीला, पोर माजघरात निजते. जवळच झाली की.

तुला नदीकाठची मळी आठवते ना, मातीच्या दरडीखालची? तिथं कागद लावून आबा रोज सकाळी रायफल झाडतात. मी भाकरी घेऊन जाते. मला वाटायचं दुर्बीण बसवली की झालं, जिथं पाहायचं तिथं गोळी. तसं नसतं गं बाई. दुर्बीण बघते एकीकडं आणि नळी मारते दुसरीकडं, दोघांचं पटवून द्यावं लागतं, नवरा-बायकोसारखं. दुर्बिणीला दोन बारक्या चाक्या आहेत. एक फिरवली की वर-खाली, एक फिरवली की डावी-उजवी. आधी गोळी झाडायची, भोक कुठं पडलं बघायचं, चाकी चिमूटभर फिरवायची, परत झाडायची. असं करत चार दिवस आणि पेटीतल्या निम्म्याहून जास्त गोळ्या गेल्या. चाकीवरच्या मूळच्या खुणा झिजलेल्या, त्यामुळं नेम बसला तिथं माझ्या काजळानं बारीक रेघ ओढली आणि हलू नये म्हणून वरून मेण लावलं. हरणाची बोटं बारीक, म्हणून मेण तिनं

आबांनीच लावलं. आबांनी लावलं मेण.

केरबा येऊन बघून गेला. त्याची जुनी बंदूक, दुर्बीण नाही, पुढच्या टोकाला लोखंडाची माशी आणि मागं खाच, खाचेतून माशी आणि माशीतून कागद बघायचा. म्हणाला, "हवालदार, नळकांडं लावून म्हातारपण दिसंल, निशाण न्हाई दिसायचं." आबा म्हणाले, "केरबा, तुझी मिशी दिसती, त्येवडं बास हाय." मला हसू आवरेना.

त्रिशलाअक्कांचे मालक बाळगोंडाअण्णा कागदावरची भोकं मोजायला बसणार आहेत दसऱ्याला. हयातीत बंदुकीला शिवले नाहीत, त्यांच्यात मुंगीही मारत नाहीत, पण गावाचा त्यांच्या मोजण्यावर भरवसा. त्रिशलाअक्का आधी रागावल्या, मग म्हणाल्या, "कागदाला जीव न्हाई. बसू द्या."

बाकी ठीक. हरणाच्या खांद्याला निळा डाग पडलाय, आंबेहळद उगाळून लावते रोज. पडली असेल कुठं.

तुझी आई


वाडी
घटस्थापना

अंजना,

तुझं दुसरं कार्ड. "तो डाग मला माहीत आहे. दिवाळीच्या आधी हे येतील, हरणाचं सामान बांधून ठेव."

सकाळी घट बसवला. माती पसरली, धान्य पेरलं, पाणी शिंपडलं आणि मग देवीपुढं बसून मला हात जोडवेनात. लेकीला खोटं लिहून आलेली बाई मी. तेव्हा आता खरं लिहिते, वाचताना खाली बस.

मी भाकरी घेऊन मळीवर गेले त्या दिवशी जरा लवकर पोचले. माझी गोधडी, तुझ्या लुगड्याची शिवलेली, दरडीसमोर अंथरलेली. त्यावर पालथी पडलेली एक बाई. मला वाटलं कुणाला चक्कर आली. पुढं गेले तर बाई कसली, हरणा! परकराचा काचा मारलेला, गाल लाकडाला लावलेला, एक डोळा मिटलेला. शेजारी आबा मांडी घालून. मी ओरडणार तेवढ्यात ते म्हणाले, अगदी हळू, "श्वास निम्मा सोड. निम्मा ऱ्हाऊ दे. बोट नगं वढू, नुसतं मिट."

 सोळा वर्षांपूर्वी हेच शब्द, हाच आवाज. मला वाटलं तूच पडली आहेस तिथं.

रायफल कडाडली, कावळे उडाले, पोर खांदा चोळत उठली आणि मला पाहिलं. पांढरीफटक. म्हणाली, "आज्जे, आईला सांगू नगंस. म्या न्हाई मागितली. आजोबास्नी दिसत न्हाई."

दिसत नाही, अंजना. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय. सहा पटीनं मोठं होतं ते धुकंच मोठं होतं. दुर्बिणीची चाकी कुठं थांबवायची ते त्यांना कळेना, म्हणून पोरीकडून नेम बसवून घेतला. दसऱ्याला मात्र स्वतःच झाडणार. काळा ठिपका नाही दिसला तरी पांढरा कागद दिसतो म्हणतात, दुर्बीण बसलेली आहे, कागदाच्या मध्यावर धरलं की झालं. कुणाला कळू द्यायचं नाही, केरबाला तर नाहीच.

मी त्यांना फार बोलले. घरी येईपर्यंत बोलले. पण एक सांगू? बोलता बोलता मला आतून असा आनंद होत होता की लपवता येईना. कागदावर तीन भोकं होती, तिन्हींवर एक बंदा रुपाया झाकला असता. माझ्या नातीची.

तू म्हणशील, लाज नाही म्हातारीला. तुझा राग मला कळतो. आबांनी तुला बारा वर्षांची असल्यापासून शिकवलं, आणि पंधराव्या वर्षी भर मैदानात, सगळ्या गावासमोर, शेवटची गोळी राहिली असताना तुझ्या हातातून बंदूक काढून घेतली. बघायला आलेले पाहुणे हसले म्हणून. "पोरगी सून म्हणून न्यायाची का शिपाई म्हणून?" तू म्हणालीस, "आबा, माजी एक गोळी ऱ्हायलीया." त्यांनी ती नदीत झाडली. पाहुणे तरीही गेलेच. पुढं जोतीरामांशी लग्न झालं, तू मेढ्याला गेलीस, आणि परत उंबरा शिवला नाहीस. मी तिथंच होते. मी काय करणार होते?

हरणाला शाळा सोडायला लावू नकोस. मेढ्याला मुलींना पाचवीच्या पुढं काय आहे? सामान बांधत नाही मी. तू रागव.

आई


वाडी
खंडेनवमी, दुपार

अंजने,

माझ्या हातून काय झालं हे कुणाला सांगू, आबांना अजून माहीत नाही.

आज शस्त्रं-अवजारं पुजायची. तुला ठाऊक आहे माझी रीत, घरात पातं म्हणून काही असेल ते घासूनच पाटावर ठेवायचं. विळा, खुरपी, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, विळी, अडकित्ता. त्रिशलाअक्कांनी चिंच दिली. चिंच आणि राख घेऊन बसले ती तास दीड तास. मग म्हटलं, यंदा घरात इतक्या वर्षांनी बंदूक आहे, ती बिचारी मळकी कशी ठेवायची?

बंदूक तेलाच्या फडक्यानं पुसली, तेवढी अक्कल होती मला. पण दुर्बिणीला पितळेच्या चाक्या, काळ्या पडलेल्या, त्यावर मेणाचा चिकटा, कशाची तरी काळी रेघ. कशाची तरी! माझंच काजळ. माझ्या ध्यानातच आलं नाही. कढत पाणी ओतलं, मेण काढलं, चिंचेनं चाक्या अशा घासल्या, गोल गोल फिरवून, आतल्या खाचांपर्यंत. सोन्यासारख्या झाल्या. मग पाटावर मांडून सगळ्यांना हळद-कुंकू वाहिलं. दुर्बिणीच्या काचेलाही. दोन्हीकडच्या.

हरणा शाळेतून आली. पाटाशी गेली. चाकीवरून बोट फिरवलं. मग एवढंच, "आज्जे, ह्या चाक्या फिरल्या."

मी म्हटलं, "चकचकीत झाल्या की नाही?"

तिनं दुर्बीण उजेडाकडं धरली. आत पाणी शिरलेलं. काच आतून घामेजल्यासारखी, त्यात कुंकवाची लाली. पोर पाटाशेजारी बसलीच. "आता परत बसवायला गोळ्या न्हाईत. धाच ऱ्हायल्यात. नऊ उद्याच्या, एक जादा."

दुर्बीण काढून माशीनं मारता येतं म्हणते. पण माशीनं मारायला डोळा लागतो, आणि तो आबांना नाही. म्हणजे उद्या सगळ्या गावाला कळणार की हवालदाराला दिसत नाही, आणि ते माझ्यामुळं. आबा आत्ता नवी पगडी बांधून बघताहेत आरशात. आरशाला नाक लावून.

मी सांगते त्यांना. सकाळी सांगते. 

आई


वाडी
आश्विन शुद्ध त्रयोदशी

माझी अंजना,

हा कागद जाड आहे आणि त्याला दोन भोकं आहेत, घाबरू नकोस. मागची बाजू कोरी होती. शब्द भोकांना वळसा घालून लिहिते आहे. 

दसऱ्याला सकाळी सांगितलं आबांना. मला वाटलं घर डोक्यावर घेतील. त्यांनी दुर्बीण हातात घेतली, काचेवरून बोट फिरवलं, बोटाला लागलेलं कुंकू बघितलं आणि म्हणाले, "मने, आख्ख्या पलटणीत एवढी लख्ख दुर्बीण कुणाची नसंल." बस. काढून कोनाड्यात ठेवली आणि नुसती रायफल घेऊन निघाले.

मैदानात पंचक्रोशी लोटलेली. केरबानं आधी मारलं. नऊपैकी सात लागल्या. बाळगोंडाअण्णांनी दोनदा मोजून सांगितलं, मिशी कानापर्यंत गेली.

मग आबा. पन्नास कदमांवर कागद त्यांना दिसत होता, दोन लागल्या. दीडशेवर आडवे झाले. बराच वेळ नेम धरला. गोळी सुटली ती कागदाच्या कितीतरी बाजूला, दरडीची माती उडाली. लोक हसले. केरबा ओरडला, "हवालदार, तिकडं म्हस हाय!"

त्याला म्हशीचं कुणी सांगितलं नव्हतं गं, त्यानं आपलं असंच म्हटलं. पण आबांचा चेहरा मी पाहिला. रायफल टेकवून ते उभे राहिले. पगडी सारखी केली. मोठ्यानं म्हणाले, पलटणीतल्या आवाजात, "माझ्या डोळ्याला दिसत न्हाई. गावानं आयकावं. हरणे, हिकडं ये."

मैदानात कुजबुज. केरबा पुढं आला, "पोरीच्या हातात? आन ठरलंय काय? माणूस बदलायचा व्हय मदीच?"

बाळगोंडाअण्णा आपल्या जागेवरून उठलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "केरबा, नियम काय सांगतोय? बंदूक एकच पायजे. माणूस एकच पायजे असं कुटं म्हटलंय? गोळ्या ऱ्हायल्यात पाच. मी मोजणार."

कुणीतरी मागून म्हणालं, "ह्या पोरीला उद्या करून कोण घील?" तोच सूर, तीच टिंगल. हरणा गोधडीवर पालथी पडली होती, आबा तिच्या हातात रायफल देत होते. ते ऐकून त्यांचा हात थांबला आणि त्यांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं.

अंजना, आता जे लिहिते ते मी सोळा वर्षं कुणाला सांगितलं नाही. त्या वेळीही त्यांनी असंच माझ्याकडं पाहिलं होतं. पाहुणे हसले तेव्हा ते बंदूक काढून घेणार नव्हते. घ्यायची का नाही, त्यांना कळत नव्हतं, म्हणून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. आणि मी बायकांच्या घोळक्यातून दात-ओठ खात म्हणाले, "काढून घ्या तिच्या हातातनं. जळ्ळं त्ये, पोरीचं नशीब फुटंल."

मी म्हणाले. मग त्यांनी काढली.

तू त्यांच्याशी बोलत नाहीस, त्यांच्या नावाचं एक कार्ड नाही, आणि या माणसानं इतक्या वर्षांत एकदाही माझं नाव घेतलं नाही. रात्री-अपरात्री सोड, रागातसुद्धा नाही. मी मात्र तुला गेल्या पत्रात विचारलं, मी काय करणार होते. काय करणार होते ते केलं होतं, बाई.

तर परवा त्यांनी पाहिलं. माझ्या शेजारी त्रिशलाअक्का, मागं सगळं गाव.  मी नुसती मान हलवली. हो म्हणून. त्यांना दिसेल का नाही अशी भीती वाटली म्हणून पदर सोडून हातही हलवला, जोरात, शेतातली पाखरं हाकतात तसा. अक्का म्हणाल्या, "आवं मनुबाई, पदर!" जाऊ दे पदर.

त्यांनी रायफल पोरीच्या हातात दिली. "श्वास निम्मा सोड," म्हणाले.

दीडशेवरच्या उरलेल्या दोन्ही लागल्या. तीनशेवर तीनपैकी दोन. दुर्बीण नाही, काही नाही, लोखंडाची माशी आणि तुझी लेक. हीच ती दोन भोकं, तुझ्या हातात. अण्णांनी मोजलं, "हवालदाराची बंदूक, सा." केरबाच्या सात. एकानं हरलो आम्ही. केरबानं पहिलं पान तोडलं, पोटभर मिरवलं, तोवर दुसऱ्या कुणाला झाडाला हात लावू दिला नाही. तसाच आहे तो. पण जाताना हरणासमोर थांबला आणि म्हणाला, "पुढल्या साली अडीचची दुर्बीण घ्या रं हवालदार. सहाची पोरीला पेलायची न्हाई." हरणा म्हणाली, "म्या तर पयल्यापास्नं त्येच सांगत हुते." केरबाला हसू फुटलं. मला तर रडूच.

एक गोळी उरली होती ना, जादाची. हरणानं मागितली. "आजोबा, येक झाडू का? पोरं म्हणत्यात नारळ फोडून दाखव."

आबांनी ती तिच्या तळहातावरून उचलली आणि बंडीच्या खिशात टाकली. "ही तुजी न्हवं. तुज्या आईची ऱ्हायलीया."

घरी येऊन ती देव्हाऱ्यात ठेवली, तुळजाभवानीच्या टाकाशेजारी. मी रोज तिलाही फूल वाहते. घासलेली नाही.

मी त्यांना विचारलं, अंजनाला काय लिहू? म्हणाले, "तिची गोळी माज्यापाशी हाय म्हणून लिही." मी म्हटलं, आणखी? "आनखी काय? तिला कळंल." मग उठून गेले, परत आले, म्हणाले, "मळीची दरड तशीच हाय म्हणून लिही." दिवाळी झाली की मिरजेला डोळा दाखवायला यायचं कबूल केलंय. तू आलीस तर तुझ्याबरोबर जाईन म्हणतात, माझ्याबरोबर नाही. मी तिथंही काहीतरी घासत बसेन म्हणे.

तू लिहिलंस, दिवाळीच्या आधी हरणाला न्यायला जोतीराम येतील. त्यांना पाठवू नकोस. न्यायचीच तर तू ये, तुझ्या हातानं ने, मी सामान बांधून देईन, शब्द आहे माझा. राग काढायचा तर तोही आता योग्य ठिकाणी काढ. मी ओट्यावरच असते.

दुर्बीण उन्हात वाळवली. आतला घाम गेला, कडेला कुंकवाची लाल रेघ राहिली आहे. नेमाला ती आता निरुपयोगी, आतल्या नेम धरायच्या रेघा वाकड्या झाल्या त्या झाल्याच. पण सहा पट आहे. सर्विस मोटार पलूसच्या फाट्याला थांबते ना, तो फाटा तिच्यातून अगदी अंगणात आल्यासारखा दिसतो. उतरणाऱ्या बाईच्या हातातली पिशवीसुद्धा दिसते. सकाळच्या आणि दुपारच्या, दोन्ही मोटारींना मी बसते. हात थरथरतो त्यानं सगळं हलतं, हरणा म्हणाली होती तसं. म्हणून आता दुर्बीण उखळावर टेकवते, निम्मा श्वास सोडते, निम्मा ठेवते.

तुझी आई